उंदीर : घरातला आणि पुस्तकातला



या महिन्याच्या भित्तिपत्रकात मी पुस्तकातल्या उंदरांवर लिहिले आहे. हा विषय मी निवडलेला नाही. तो माझ्याकडे कसा आला ते आधी सांगते, नाहीतर पुढचे काही समजणार नाही.

ऑगस्ट महिन्यात गुरुजी म्हणी शिकवत होते. फळ्यावर 'डोंगर पोखरून उंदीर काढणे' ही म्हण होती. तिचा वाक्यात उपयोग करायचा होता. आमच्या वर्गात या वर्षी एक नवा मुलगा आला आहे. त्याचे आईवडील सातपुड्यातून आखाजीनंतर आमच्या गावात सालदार म्हणून आले. तो अंगाने लहान, म्हणून पहिल्या रांगेत बसतो. त्याचे पुढचे दोन दात थोडे मोठे आहेत. मी हात वर केला आणि म्हणाले, "गुरुजी, सातपुडा पोखरला आणि हा निघाला." सगळा वर्ग हसला. मला फार हुशार झाल्यासारखे वाटले. त्या दिवसापासून सगळे त्याला 'उंदीर' म्हणू लागले. कबड्डीत म्हणायचे, खिचडीच्या रांगेत म्हणायचे. पाचव्या दिवशी तो शाळेत आला नाही. सहाव्या दिवशीही नाही.

गुरुजींनी मला बोलावले. मला वाटले आता शिक्षा. पण ते एवढेच म्हणाले, "तुला उंदराची बरीच माहिती दिसते. भित्तिपत्रकात लेख लिही. पुस्तके वाचून लिही. आणि एकटीने नाही, त्याला सोबत घेऊन लिही."

म्हणजे मला आधी त्याच्या घरी जावे लागले. तो मळ्यात राहतो. मी गेले तेव्हा तो बैलांसाठी गवत कापत होता. त्याच्या आईने मला पाणी दिले. मला काय बोलावे सुचेना. शेवटी मी म्हटले, "माझं चुकलं." तो म्हणाला, "लेख तू लिही. मी चित्र काढीन." या कागदावरची सगळी चित्रे त्याची आहेत. हा लेखही मी त्याला आधी वाचून दाखवला. त्याने हो म्हटले तेव्हाच फळ्यावर लावला.

आता विषयाकडे येते.

उंदराला संस्कृतात मूषक म्हणतात. गुरुजींनी सांगितले की संस्कृतात 'मुष्' म्हणजे चोरणे. म्हणजे नावातच चोर आहे. इंग्रजीतला माऊस हा शब्दही याच जुन्या घराण्यातला. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्याला सारखे काहीतरी कुरतडावे लागते, नाहीतर दात वाढून त्याला खाताच येणार नाही. तो पोते फाडतो ते काही नुसत्या भुकेपायी नाही. चिचुंद्रीला आपण उंदीर समजतो, पण ती उंदराच्या जातीतली नाही. ती किडे खाते. हे मला नवीन होते.

पण आमच्या घरी हे ऐकून कोणाला उंदराची दया येणार नाही. मागच्या वर्षी माळ्यावर ठेवलेल्या दादरीच्या दोन पोत्यांना उंदरांनी तळाशी भोके पाडली. ज्वारी सांडली, त्यात लेंड्या. मायने ती सगळी पाखडली, निवडली आणि शेवटी बरीचशी कोंबड्यांना टाकली. आप्पांनी मग पत्र्याची कोठी आणली. मी उंदराच्या गोष्टी वाचते आहे हे कळल्यावर आप्पा म्हणाले, "पुस्तकमाना उंदीर ज्वारी खात नही, पोरी." मी ते वाक्य वहीत लिहून ठेवले. आजीमाय चुलीजवळून म्हणाली, "त्याना पोटले बी लागस ना." म्हणजे त्यालाही पोट आहे. माझ्या लेखात हे दोघे सारखे भांडत राहिले.

आजीमायला लिहितावाचता येत नाही, पण उंदराच्या गोष्टी तिला सर्वांत जास्त येतात. तिची आवडती गोष्ट टोपीवाल्या उंदराची. ती तुम्हालाही माहीत असेल. उंदराला एक चिंधी सापडते. तो ती धोब्याकडून धुऊन घेतो, रंगाऱ्याकडून रंगवून घेतो, शिंप्याकडून तिची टोपी शिवून घेतो आणि तिला गोंडेही लावून घेतो. मग डोक्यावर टोपी, गळ्यात ढोल, आणि स्वारी राजाच्या वाड्यासमोर! माझी टोपी राजाच्या टोपीपेक्षा चांगली, असे तो वाजवून गाऊ लागतो. राजाला राग येतो. शिपाई टोपी हिसकावून घेतात. तेव्हा उंदीर गातो की राजा भिकारी आहे, त्याला माझी टोपी लागते. राजाला लाज वाटते आणि तो टोपी परत देतो. तर उंदीर गातो की राजा मला घाबरला! आजीमाय हे सांगताना डब्यावर हात बडवते. ढोल नसला तर ही गोष्ट सांगता येत नाही असे ती म्हणते.

मी तिला विचारले, यात उंदीरच का? कोंबडा का नाही? ती म्हणाली, कोंबड्याला राजा कापून खाईल. उंदराला कोण खाणार? तो पळेल आणि बिळात जाईल. मला हे उत्तर पटले. राजाला भिकारी म्हणायचे तर ज्याच्याजवळ हिसकावून घेण्यासारखे काही नाही आणि ज्याला लपता येते, असाच कोणी पाहिजे. आणि तो उंदीर एकदाही मारामारी करत नाही. नुसता बोलतो.

दुसरी एक गोष्ट सात शेपट्यांच्या उंदराची. ती गुजरातीतही सांगतात आणि आपल्याकडेही. शाळेतली मुले चिडवतात म्हणून तो न्हाव्याकडे जाऊन रोज एक शेपटी कापून घेतो. सहा शेपट्या राहिल्या तरी चिडवतात, पाच राहिल्या तरी चिडवतात. शेवटी एकही राहत नाही, तरी चिडवतातच. ही गोष्ट आम्हाला बालवाडीत सांगितली होती आणि आम्ही सगळे खूप हसलो होतो. या वेळी ती मी त्याला मळ्यात सांगितली. तो हसला नाही. त्याने विचारले, "मग तो उंदीर दुसऱ्या दिवशी शाळेत गेला का?" गोष्टीत ते दिलेले नाही.

आता पंचतंत्र. आमच्या वर्गातल्या पुस्तकांच्या पेटीत पंचतंत्राचे एक जाड पुस्तक आहे. त्याच्या दुसऱ्या भागाचे नाव मित्रसंप्राप्ती. मला हा भाग सगळ्यांत आवडला. त्यातल्या उंदराचे नाव हिरण्यक. कबुतरांचा राजा चित्रग्रीव सगळ्या थव्यासह जाळ्यात अडकतो. सगळी कबुतरे मिळून जाळे घेऊन उडतात आणि हिरण्यकाच्या बिळापाशी उतरतात. इथपर्यंत आपण पाठ्यपुस्तकात वाचलेले असते. पण पुढचे बारकाईने वाचा. हिरण्यक मित्राचे बंध आधी तोडायला जातो, तर चित्रग्रीव म्हणतो, आधी माझ्या सोबत्यांचे तोड, मग माझे. उंदीर म्हणतो, माझे दात मध्येच मोडले तर तू तसाच राहशील. तरी राजा ऐकत नाही. मग उंदीर सगळ्यांचे पाश तोडतो. पुढे लघुपतनक कावळा, मंथरक कासव आणि चित्रांग हरिण त्याचे मित्र होतात. चौघांत सगळ्यांत लहान उंदीरच, आणि प्रत्येक वेळी जाळे तोडायला त्याचेच दात लागतात. जे दात आमच्या पोत्याला भोक पाडतात, तेच दात.

हिरण्यकाच्या बिळाला पुष्कळ तोंडे आहेत असे पुस्तकात लिहिले आहे. मला वाटले ही नुसती गोष्टीतली थाप. मी ते वाचून दाखवले तेव्हा तो म्हणाला, "खरं आहे. चल दाखवतो." आम्ही पाच जण त्याच्यामागे बांधावर गेलो. पावसाने गवत वाढलेले होते. त्याने एक ताजी मातीची ढिगुळी दाखवली. तिच्यापासून चार पावलांवर दुसरी, बोरीच्या झुडपाखाली तिसरी. मोजून पाच तोंडे निघाली. एक तोंड आतून ओल्या मातीने बुजवलेले होते. "उंदीर आत असला की तोंड बुजवतो. पाणी जाऊ नये, धामण जाऊ नये म्हणून," तो म्हणाला. धामण उंदीर खाते, म्हणून त्याचे वडील शेतात धामण दिसली तरी मारत नाहीत. आमच्या गावात धामण दिसली की आधी काठी शोधतात. आम्ही पाचही जण शेतकऱ्यांची मुले, पण बिळाला किती तोंडे असतात हे आमच्यापैकी कोणीच कधी मोजले नव्हते. ज्याने पंचतंत्र लिहिले त्याने मात्र मोजले असावे.

हिरण्यकाची आणखी एक गोष्ट तिथेच आहे. ताम्रचूड नावाचा संन्यासी भिक्षेचे पात्र उंच खुंटीला टांगायचा, तरी हिरण्यक उडी मारून त्यातले अन्न खायचा. एक पाहुणा म्हणाला, एवढासा उंदीर इतकी उंच उडी मारतो, म्हणजे त्याच्या बिळाखाली धन पुरलेले असणार. खणले तर खरेच धन निघाले. ते नेल्यावर हिरण्यकाला उडी मारता येईना आणि त्याचे सोबतीही त्याला सोडून गेले. मी हे आप्पांना वाचून दाखवले. कपाशीचे पैसे हातात आल्यावर माणसे कशी चालतात आणि पैसे संपल्यावर कशी चालतात, ते तुम्ही पालकांनी पाहिलेच असेल. आप्पा बराच वेळ हसत होते. पुस्तकातल्या उंदराबद्दल त्यांचे मत तेव्हा थोडे बदलले.

एक गोष्ट मेलेल्या उंदराचीही आहे. ती जातककथांत आहे आणि कथासरित्सागरातही आहे. कथासरित्सागर काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात लिहिले. त्यात एक गरीब मुलगा सावकाराकडे भांडवल मागायला जातो. सावकार त्या वेळी दुसऱ्या एका तरुणाला रागावत असतो. तो जमिनीवरच्या मेलेल्या उंदराकडे बोट दाखवून म्हणतो, हुशार माणूस एवढ्या भांडवलावरही धंदा उभा करील. हा मुलगा म्हणतो, मग तो उंदीर मला द्या. सावकार हसतो. मुलगा तो उंदीर एका वाण्याच्या मांजरासाठी विकतो आणि दोन मुठी हरभरे मिळवतो. हरभरे आणि गार पाणी घेऊन तो गावाबाहेर सावलीत बसतो. दमलेले लाकूडतोडे येतात, हरभरे खातात, पाणी पितात आणि प्रत्येक जण दोन दोन लाकडे देऊन जातो. असे करत करत तो मोठा व्यापारी होतो. लोक त्याला मूषक म्हणू लागतात. शेवटी तो सोन्याचा उंदीर घडवून त्या सावकाराला नेऊन देतो आणि सावकार त्याला आपली मुलगी देतो. गुणाढ्य पंडित सातवाहन राजाच्या नगरात शिरत असताना ही गोष्ट त्याच्या कानावर पडली असे त्या ग्रंथात सांगितले आहे. सातवाहनांची राजधानी म्हणजे आपले पैठण. इथे 'उंदीर' हे नाव त्या माणसाने स्वतः मिरवले आहे. ते त्याच्यावर कोणी वर्गात बसून लादलेले नाही.

इसापच्या गोष्टी सर्वांना येतात, म्हणून थोडक्यात सांगते. सिंहाचे जाळे तोडणारा उंदीर, शहरातला आणि खेड्यातला उंदीर, मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार. बापू छत्रे यांनी १८२८ साली या गोष्टी मराठीत आणल्या, तेव्हा मराठीत छापलेली पुस्तकेच फार थोडी होती. 'चांदोबा' १९५२ पासून मराठीत निघत होता. तो आता बंद झाला. बालभारतीचे 'किशोर' मासिक नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झाले आणि अजून निघते. त्याचे जुने अंक आता मोबाईलवरही फुकट वाचता येतात. पालकांनी एकदा जरूर पाहावेत.

परदेशातल्या पुस्तकांत तर उंदीर इतके आहेत की गुरुजी म्हणाले, एक वर्ष सांगत बसलो तरी पुरेल. ही पुस्तके इंग्रजीत आहेत. गुरुजींनी त्यांच्या गोष्टी दर शनिवारी सांगितल्या आणि मोबाईलवर चित्रे दाखवली. बिअॅट्रिक्स पॉटर या इंग्रज बाईंनी १९०३ साली ग्लॉस्टर गावच्या शिंप्याची गोष्ट छापली. मांजराने पेल्यांखाली कोंडलेले उंदीर तो शिंपी सोडून देतो. पुढे तो आजारी पडतो, तेव्हा उंदीर रात्रीतून त्याचे काम शिवून ठेवतात. फक्त एक काज राहते, कारण दोरा संपलेला असतो. आजीमायला ही गोष्ट सांगितली तर म्हणाली, "आपल्या उंदरानं शिंप्याकडून टोपी शिवून घेतली, त्यांच्या उंदरानं शिंप्याला शिवून दिलं." मग म्हणाली, "त्यांचा उंदीर बरा."

अमेरिकेत ई. बी. व्हाईट यांनी १९४५ साली 'स्टुअर्ट लिटल' लिहिले. माणसाच्या घरात दोन इंचांचा मुलगा होतो आणि तो हुबेहूब उंदरासारखा दिसतो. आईची अंगठी मोरीच्या नळात पडली की तोच आत उतरून काढतो. घरात कोणी त्याला हाकलत नाही. उलट गाण्यात किंवा पुस्तकात उंदराची टिंगल असेल तर ती त्याच्या कानावर पडू नये म्हणून आईवडील धडपडतात. हे ऐकताना मी मान खाली घातली होती.

लिओ लिओनी यांचे 'फ्रेडरिक' १९६७ सालचे. त्यावर आमच्या घरी मोठा वाद झाला. दगडी भिंतीत पाच उंदीर राहतात. चार जण हिवाळ्यासाठी दाणे, गहू, काड्या गोळा करतात. फ्रेडरिक नुसता बसून असतो आणि म्हणतो, मी सूर्याचे किरण, रंग आणि शब्द गोळा करतो आहे. थंडीत दाणे संपतात तेव्हा तो सगळ्यांना ऊन आणि फुले डोळ्यांपुढे उभी करून दाखवतो आणि सगळे खूश होतात. आप्पा म्हणाले, "कापूस वेचायच्या दिवसांत असा एक घरात बसला तर चालेल का?" मायचे म्हणणे, चार जण काम करत होते म्हणून त्याला बसायला मिळाले. आजीमाय म्हणाली, "रात्रभर कांडताना, दळताना आम्ही ओव्या म्हणायचो. दळण काही कमी व्हायचं नाही, पण रात्र जायची." मला स्वतःला वाटते की फ्रेडरिकने दोन्ही करायला हवे होते. आजीमाय तर दोन्ही करत होती.

केट डिकॅमिलो यांच्या २००३ सालच्या पुस्तकात डेस्परो नावाचा उंदीर आहे. त्याची बहीण त्याला ग्रंथालयात नेऊन कागद कसा कुरतडायचा ते शिकवते. पण तो कुरतडत नाही, वाचत बसतो. कुरतडले तर गोष्ट बिघडेल असे त्याला वाटते. पुढे तो माणसांशी बोलतो म्हणून बाकीचे उंदीर त्याला शिक्षा करून अंधारकोठडीत पाठवतात. आमच्या पुस्तकांच्या पेटीला खाली भोक आहे आणि पंचतंत्राची शेवटची पाने कुरतडलेली आहेत. त्यामुळे हिरण्यकाचे शेवटी काय झाले ते मला गुरुजींना विचारावे लागले. आमच्या पेटीत डेस्परो आलेला नाही, त्याची बहीण आलेली आहे.

आता एक पुस्तक असे सांगते जे लहान मुलांचे नाही. गुरुजींनी आम्हाला ते सगळे दाखवले नाही, काही पाने दाखवली आणि गोष्ट सांगितली. पुस्तकाचे नाव 'माऊस'. ते सगळे चित्रांतच आहे, अशा पुस्तकाला चित्रकादंबरी म्हणतात. आर्ट स्पीगेलमन यांनी ते काढले आणि लिहिले. पहिला भाग १९८६ साली आला, दुसरा १९९१ साली. १९९२ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. लेखकाचे वडील पोलंडमधले ज्यू होते. हिटलरच्या लोकांनी त्यांना आउश्वित्झच्या छळछावणीत टाकले होते, त्यातून ते वाचले. पुस्तकात ज्यू लोक उंदीर आहेत आणि जर्मन लोक मांजरे आहेत.

मला वाटले, स्वतःच्या वडिलांना कोणी उंदीर दाखवते का? मी तसे विचारले. गुरुजींनी सांगितले, हिटलरच्या लोकांनीच आधी ज्यूंना उंदीर म्हटले होते. १९४० साली त्यांनी एक चित्रपट काढला, त्यात ज्यू माणसे दाखवायची आणि मग उंदरांच्या झुंडी दाखवायच्या. लोकांच्या मनात एकदा बसले की हा माणूस नाही, उंदीर आहे, मग औषध घालायला कोणाला वाईट वाटत नाही. लाखो माणसे त्यांनी खरोखरच विषारी वायूने मारली. त्या मुलाने मोठा झाल्यावर तेच चित्र हातात घेतले आणि उंदराच्या तोंडाने आपल्या वडिलांची सगळी हकीकत सांगितली. एका पानावर आईवडील तळघरात लपलेले असतात आणि तिथे खरा उंदीर येतो. आई त्याला घाबरते. उंदराच्या तोंडाची बाई उंदराला घाबरते हे पाहून आम्ही आधी हसलो, मग गप्प झालो. ती बाईच आहे, हे तिथे समजते. दुसऱ्या भागात लेखकाने स्वतःलाही काढले आहे. तिथे त्याच्या तोंडावर उंदराचा नुसता मुखवटा आहे आणि मागे दोरी बांधलेली दिसते.

जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या एका शाळा मंडळाने हे पुस्तक आठवीच्या अभ्यासक्रमातून काढले. त्यात काही शिव्या आणि एक उघडे चित्र आहे म्हणून. त्यानंतर ते पुस्तक लोकांनी जास्तच विकत घेतले.

ही गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा आजीमाय चटकन म्हणाली, "सुरतच्या वेळी असंच झालं." हे मला माहीत नव्हते. माझे मोठे काका सुरतला लूमवर कामाला होते. आपल्या खानदेशातली पुष्कळ माणसे तिथे आहेत. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतला प्लेग आला. प्लेग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे सुरू होतो, पण पुढे तो फुप्फुसात गेला तर खोकल्यातूनही पसरतो. लाखो माणसे सुरत सोडून निघाली. काका रात्रीच्या गाडीने अमळनेरला उतरले आणि पायी गावात आले. आजीमाय सांगत होती की गावात कोणी त्यांना ओट्यावर बसू देईना, विहिरीवर येऊ देईना. एका माणसाने लांबून काठी दाखवली. "उंदराला दाखवतात तशी," ती म्हणाली. काकांना काही झालेले नव्हते. ते बारा दिवस खळ्यात राहिले. आजीमाय भाकरी नेऊन देत होती आणि पाच पावलांवर बसून त्यांना गोष्ट सांगत होती. कोणती गोष्ट, ते तिला आठवत नाही. काका तेव्हा सव्वीस वर्षांचे होते आणि तरीही तिने त्यांना गोष्ट सांगितली. मोठ्या माणसालाही गोष्ट सांगतात याचे मला नवल वाटले.

आप्पांनी हे ऐकून त्या दिवशी ज्वारीचा विषय काढला नाही. पण दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात उंदीर सापडला तेव्हा त्यांनी तो नदीपलीकडे नेऊन सोडला. औषधाच्या गोळ्या आता आम्ही घरात ठेवत नाही. त्याचे कारण उंदीर नाही. माझ्या लहान भावाने पिठाच्या गोळीला हात घातला होता, तेव्हापासून मायने त्या बंद केल्या. पालकांना विनंती की असे औषध ठेवत असाल तर मुलांच्या हाताला लागेल असे ठेवू नका.

त्याला सर्वांत आवडलेली गोष्ट सांगायची राहिली. आमच्या पेटीत एकलव्य संस्थेचे एक पातळ हिंदी पुस्तक आहे, 'चूहे को मिली पेंसिल'. ते व्लादिमीर सुतेयेव या रशियन लेखकाचे आहे. उंदराला पेन्सिल सापडते आणि तो ती कुरतडू लागतो. पेन्सिल म्हणते, मला शेवटचे एक चित्र काढू दे. ती गोल काढते, उंदराला वाटते काहीतरी खायचे आहे. ती आणखी गोल काढते, उंदराच्या तोंडाला पाणी सुटते. मग ती कान काढते, मिशा काढते, तेव्हा ते मांजर निघते! उंदीर पळत सुटतो. हे पुस्तक त्याने मळ्यात नेले होते आणि चार दिवसांनी आणून दिले. त्याच्या धाकट्या बहिणीने पाटीवर ते मांजर इतक्या वेळा काढले की आता ती न पाहता काढते. ती पुढच्या वर्षी पहिलीत येईल.

पुस्तकांच्या पेटीचे भोक आम्ही शनिवारी पत्रा ठोकून बुजवले. पत्रा आप्पांनी दिला, कोठी करताना उरला होता तो.

तो आता रोज शाळेत येतो. वर्गात कोणी त्याला त्या नावाने हाक मारत नाही; दोन मुले अजून मारतात, त्यांना मी सांगितले आहे. कबड्डीत तो माझ्याविरुद्ध खेळतो आणि फार जोरात पाय धरतो.

या लेखाखाली डाव्या कोपऱ्यात जे चित्र आहे ते नीट पाहा. ते त्याने सगळ्यांत शेवटी काढले आणि लेख चिकटवेपर्यंत मला दाखवले नाही. उंदराचा मुखवटा आहे, मागे दोरीची गाठ आहे, आणि गाठीच्या दोन्ही बाजूंना लाल रिबिनीच्या दोन वेण्या आहेत. आमच्या वर्गात लाल रिबिनीच्या दोन वेण्या कोण घालते ते सगळ्यांना माहीत आहे.

— इयत्ता ७ वी